कंबर हलव, बागवान

भाग्यश्रीने हौसेने घेतलेला मायक्रोवेव्ह वर्षभरापासून माळ्यावर पडून आहे. तो बिघडलेला नाही. दूध गरम झालं की टुंटुं वाजतो, एवढाच त्याचा गुन्हा. एकदा तो असाच वाजला तेव्हा वैजनाथ घुगे जेवता जेवता ताटावरून उठला आणि उष्ट्या हाताने घर धुंडाळू लागला. पलंगाखाली वाकून बघितलं, मोरीचं दार उघडलं, गॅलरीतल्या कपड्यांच्या मागेही हात घालून पाहिला. भाग्यश्रीने नवऱ्याला परत ताटावर बसवलं. तिने वायर काढली, आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह माळ्यावर गेला.

पण पुण्यासारख्या शहरात माळ्यावर काय काय टाकणार? इथे मागे येणारा टेंपो वाजतो, सोसायटीची लिफ्ट वाजते, मेडिकलच्या दुकानातलं बिलाचं यंत्र वाजतं. त्या प्रत्येक आवाजाला वैजनाथची मान वळते, पाय थबकतात. रस्त्यात मध्येच थांबलेल्या माणसाला पुणेकर जे ऐकवतात ते त्यालाही ऐकवतात, आणि तो मुकाट बाजूला होतो. आपण काय शोधत होतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो अल्ताफ बागवानला शोधत असतो.

वैजनाथ अग्निशमन दलात तांडेल आहे, म्हणजे गाडीवरच्या जवानांचा म्होरक्या. मूळचा परळीकडचा. अल्ताफ त्याच्याच गाडीवरचा जवान, घोरपडे पेठेत जन्मलेला. दोघं एकाच वेळी भरती झाले, एकाच दोरावर उतरायला शिकले आणि एकमेकांना कायम आडनावाने हाक मारत राहिले. बागवानांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा मंडईत फळं विकायचा. त्या घरातलं हे एकच पोर आगीत शिरायला निघालं, तेव्हा त्याचे वडील अल्लाबक्ष आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडं आंबे आढीत पिकतात. हा भट्टीत पिकायला चाललाय."

माणूस कसा होता म्हणाल, तर सावकाश. दलात सावकाश माणूस म्हणजे चेष्टेला आयतं गिऱ्हाईक. आग काही रोज लागत नाही. एरवी यांना बोलावतात ते आतून कडी लागलेल्या दारासाठी, नाहीतर झाडावर अडकलेल्या कावळ्यासाठी. एकदा नारायण पेठेत घारीचा पंख मांज्यात गुंतला होता. बागवान शिडीच्या टोकाला एकेक पीस मोकळं करत होता आणि खालून एक आजोबा त्याला डावं-उजवं सांगत होते. बराच वेळ त्याने ऐकून घेतलं. मग वरूनच शांतपणे म्हणाला, "आजोबा, आपण या वर. मी खालून सांगतो." घार उडाली ती त्याच्या मनगटाचा लचका तोडून. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की घाबरलेल्याचं मनावर घ्यायचं नसतं.

आगीतही तो तसाच होता. धुरात शिरला की इतरांसारखी धडपड न करता आधी थांबायचा. धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, कान लावावे लागतात. कुणी खोकतंय का, कुठे लाकूड तडकतंय का, गॅस सुसू करतोय का, हे तो उभं राहून ऐकायचा. आणि इथेच त्याची पंचाईत व्हायची.

जवान धुरात जातात ते पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा घेऊन. या सगळ्या सरंजामाला दलात बीए सेट म्हणतात. सेटच्या खांद्यावरच्या पट्ट्याला काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी असते. अंगावर सेट असलेला माणूस थोडा वेळ हलला नाही, तर ती आधी चिवचिव करते. तरीही तो हलला नाही, तर ती किंचाळायला लागते. आत कुणी पडलंय, या आणि शोधा, असा त्याचा अर्थ. चिवचिव माणूस हलला की आपोआप थांबते. किंचाळी थांबत नाही. ती कुणीतरी दोन्ही बटणं एकदम दाबून बंद करावी लागते.

बागवान उभा राहून ऐकत बसणार आणि त्याची डबी चिवचिवणार, हे ठरलेलं. आपण धडधाकट आहोत हे डबीला कळवायचं, तर कंबरेला एक झोका द्यायचा. म्हणून गाडीवरच्या कुणीही ओरडायचं, "कंबर हलव, बागवान!" आणि बागवान पाठीवर एवढं ओझं असताना, गमबुटासकट, तमाशातल्या बाईने बघत राहावं असा ठुमका मारायचा. डबी गप्प. कवायतीच्या मैदानावर या ठुमक्याला मोठे साहेबसुद्धा तोंड फिरवून हसलेले आहेत.

मागच्या उन्हाळ्यात, भरदुपारी, मांजरी गावातून आगीची वर्दी आली. उसाच्या फडाला खेटून उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या गोदामात फोमच्या गाद्या पेटल्या होत्या. आत राखणदार झोपलाय असं जमलेले लोक छातीठोक सांगत होते. वैजनाथ पुढे आणि बागवान मागे, पाण्याच्या पाइपला हात लावून दोघं आत गेले. फोमचा धूर नुसता काळा नसतो, तो अंगाला चिकटतो. हातभर अंतरावरचा बागवान दिसेना. थोडं पुढे गेल्यावर मागे चिवचिव सुरू झाली.

"कंबर हलव, बागवान," वैजनाथ मुखवट्यातून ओरडला.

चिवचिव थांबली. मागून हसल्यासारखा काही आवाज आला, की तो वैजनाथने नंतर मनाने भरला, देव जाणे. तेवढ्यात गोदामातला गाद्यांनी भरलेला पोटमाळा दोघांच्या मधोमध खाली आला.

मग पुन्हा चिवचिव. मग किंचाळी.

वैजनाथ आवाजाच्या रोखाने रांगत गेला आणि भिंतीवर आपटला. वळून पुन्हा गेला, तर लोखंडी मांडणीवर. पत्र्याचं गोदाम, सगळीकडून आवाज आदळत होता. चारी बाजूंनी बागवान बोलावत होता आणि जावं तिथे बागवान नव्हता. वैजनाथची हवा संपत आल्याची शिटी वाजू लागली तरी त्याचा पाय निघेना. मागून आलेल्या जोडीने त्याला कंबरपट्ट्याला धरून फरफटत बाहेर काढलं. बागवान त्यांना नंतर सापडला. उसाच्या बांधावर त्याला झोपवलं तेव्हा डबी किंचाळतच होती. कुणी मुखवटा काढतंय, कुणी छाती दाबतंय, डबीकडे बघायला कुणाचा हात मोकळा नव्हता. अँब्युलन्सच्या डॉक्टरांना नाडी लागेना. ते म्हणाले, "आधी तो आवाज बंद करा, मला काही ऐकू येत नाहीये."

वैजनाथने दोन्ही बटणं दाबली. एकदम शांत झालं. उसाची पानं वाजत होती तेवढीच. डॉक्टर छातीला कान लावून ऐकत राहिले, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

राखणदार तेवढ्यात आला. तो चहा प्यायला गेला होता. चहाला जाणं हा काही गुन्हा नाही, हे कळतं. तरी राग यायचा तो येतोच, त्याला इलाज नाही.

झालं ते असं. कुणाची चूक नव्हती, असं चौकशीतही निघालं. पण बागवान 'मी इथे आहे' म्हणून जीव तोडून सांगत होता आणि त्याचं तोंड आपण आपल्या हाताने बंद केलं, हे वैजनाथच्या डोक्यातून जाईना. पत्र्याच्या गोदामात जो आवाज त्याला सापडला नव्हता, तोच आता त्याला सगळीकडे सापडू लागला.

त्यात बागवानचा तो सेट परत आला. चौकशीसाठी गेलेला, धुऊनपुसून, नवे पट्टे लावून, वापरायला योग्य म्हणून. गाडीवर चार सेटच्या चार जागा होत्या आणि चौथी रिकामी होती. परत आलेला सेट गाडीवर चढवायचा तर आधी तो तपासायला हवा. तपासायचा म्हणजे पाठीवर घालून, डबी किंचाळेपर्यंत स्तब्ध उभं राहायचं, आणि मग ती बंद करायची. हे काम तांडेलचं, म्हणजे वैजनाथचं. वैजनाथने सेट उचलला, पट्ट्याला लाल चिंधी बांधली आणि कपाटात ठेवून दिला. लाल चिंधी म्हणजे नादुरुस्त. दुसऱ्या पाळीचे लोकही मग त्याला हात लावत नाहीत.

सेट ठणठणीत आहे हे गाडीचा ड्रायव्हर श्याम याला माहीत होतं. बाकीच्यांनाही असावं. सगळे मूग गिळून बसले. नव्या सेटची मागणी कागदावर होती, कागद टेबलावर होता आणि टेबल कुठल्या साहेबाचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्यूटीवर आलं की वैजनाथ कधीकधी उगाच ते कपाट उघडायचा. आतून चिवचिव ऐकू आलेली असायची. डबीवर हात ठेवून बघायचा. डबी बंद, गार. मग दार लावून घ्यायचा. आणि मांजरीच्या आगीपासून गाडीवर कुणाचीही डबी चिवचिवली तरी कंबरेचं नाव कुणी काढत नसे. ज्याची डबी तो गुपचूप हलायचा.

असंच चालू राहिलं असतं. पण कर्वेनगरला एका सोसायटीत मीटरच्या खोलीने पेट घेतला. सकाळची वेळ, जिन्यात धूर भरलेला, माणसं वर अडकलेली. तीन सेट होते, तिघं वर गेले. वैजनाथ त्यांत पुढे. खाली राहिली तेजस्विनी. ही दलात नवी भरती झालेली मुलगी, बागवानला तिने फक्त भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत पाहिलेलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक आजी खोकताना तिला दिसली. सेट असलेले तिघं त्याहून वर पोचलेले. तेजस्विनीने तोंडाला ओला नॅपकिन बांधला आणि शिरली. आजींना खांद्यावर टाकून तिने फाटकापर्यंत आणलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसली. वैजनाथ खाली आला तेव्हा ती काळं थुंकत होती.

आजी दुसऱ्याच दिवशी घरी गेल्या आणि सोसायटीच्या पाण्याविषयी तक्रार करू लागल्या, म्हणजे बऱ्या झाल्या. तेजस्विनीला मात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. वैजनाथ भेटायला गेला. नाकावरची ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून तिने विचारलं, "सर, तो चौथा सेट रिपेअर होऊन कधी येणारे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर वैजनाथला परवडलं असतं. ती खरंच विचारत होती.

तो तिथून निघाला आणि घरी न जाता घोरपडे पेठेत गेला. बागवानची बायको शाइस्ता आता अनुकंपेवर महापालिकेत नोकरीला लागली आहे. ती नुकतीच ऑफिसातून आली होती. वैजनाथ सुरुवातीला दर आठवड्याला यायचा. मग एकेक कारण निघत गेलं आणि यायचा बंद झाला. शाइस्ताने चहा टाकला. तिची मुलगी अलिझा, चौथीतली, गृहपाठ करता करता त्याच्याकडे बघत होती. वैजनाथ खुर्चीत बसला तो बसलाच.

आणि खोलीत चिवचिव सुरू झाली.

वैजनाथ ताडकन उठला. कपातला चहा हिंदकळून त्याच्या हातावर सांडला. समोर अलिझा ओठांचा चंबू करून उभी होती. आवाज ती काढत होती. अगदी तोच.

"घाबरू नका भाऊ," शाइस्ता म्हणाली. "यांचा खेळ होता तो. हे ड्यूटीवरून यायचे तेव्हा ही दारात पुतळा होऊन उभी राहायची. मग हे तोंडानं चिवचिव करायचे, आणि हिनं नाचून दाखवायचं. अजून करत असते. मीही गप्प बसून राहिले की माझ्यासमोर येऊन करते."

"काका, तुम्ही चुकीचं केलंत," अलिझा म्हणाली. "उठायचं नसतं. कंबर हलवायची असते. नाहीतर अब्बू म्हणायचे, सगळे लोक शोधायला येतात."

वैजनाथला तिच्याकडे बघवेना. त्याने भाजलेला हात पुसला आणि शाइस्ताला म्हणाला, "वहिनी, त्याचा सेट परत आलाय. कधीचाच आलाय. मी कपाटात बांधून ठेवलाय. माझ्याच्यानं तो वाजवणं होत नाही."

शाइस्ताने भाजलेल्या हातासाठी त्याला ओलं फडकं दिलं. मग म्हणाली, "त्यांचा कुठं होता भाऊ? कार्पोरेशनचा होता."

वैजनाथने फडकं हातावर दाबून धरलं.

"गाडीवरची साधी दोरी कधी घरी आणली नाही त्यांनी. गाडीवरची वस्तू गाडीवर, म्हणायचे. आणि तुम्ही ती कपाटात ठेवलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी यांच्यापुरता सेट नसता, तर तुम्ही यांना आत नेलं असतं का?"

"नसतं नेलं."

"मग आता ज्याला सेट नाही, त्याला काय सांगता?"

तेजस्विनीचं नाव तिला माहीत नव्हतं, पण प्रश्न नेमका जिथे लागायचा तिथे लागला. वैजनाथने उरलेला चहा प्यायला, अलिझाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला. रस्त्यावर एक टेंपो टुंटुं करत मागे येत होता. त्या दिवशीही त्याची मान वळलीच.

पुढच्या ड्यूटीला सकाळी त्याने कपाट उघडलं, लाल चिंधी सोडली आणि सेट पाठीवर चढवला. केंद्राच्या आवारात, गाडीसमोर, जाऊन उभा राहिला. कोण काय करतंय ते सगळ्यांना कळलं. गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं. तेजस्विनी दवाखान्यातून सुटून त्याच सकाळी कामावर परतली होती; तीही येऊन उभी राहिली.

वैजनाथ हलला नाही. चिवचिव सुरू झाली, त्याच्या छातीशी, त्याच्या स्वतःच्या खांद्यावर. या डबीची चिवचिव इतक्या जवळून त्याने कधी ऐकलीच नव्हती, कारण बागवानची डबी कायम बागवानच्या अंगावर असायची. त्याचे डोळे मिटले. मग किंचाळी सुटली आणि आवार भरून गेलं. समोरच्या पिंपळावरची कबुतरं उडाली. फुटपाथवर चाललेली माणसं आत डोकावू लागली. बटणांवर वैजनाथची बोटं होती आणि ती दाबली जात नव्हती. त्याला उसाचा बांध दिसत होता. दाबली की शांत होईल, आणि त्या शांततेत ऐकायला काहीच नसेल.

श्याम गाडीतून उतरून त्याच्याजवळ आला. त्याने वैजनाथच्या बोटांना हात लावला नाही. फक्त म्हणाला, "बंद कर घुगे. आम्ही आहोत इथं सगळे."

वैजनाथने बटणं दाबली. शांत झालं. कुणीतरी खाकरलं, पिंपळावर कबुतरं परत येऊन बसली, बादलीत नळाचं पाणी ठिबकत होतं. सगळं ऐकू येत होतं.

तपासणीचा अर्धा भाग राहिला होता. हलल्यावर चिवचिव थांबते का, हेही बघावं लागतं. तो पुन्हा स्तब्ध उभा राहिला. पुन्हा चिवचिव आली. मग श्यामच बोलला, "कंबर हलव."

वैजनाथने हलवली. बागवानचा ठुमका त्याला कुठला जमायला. चिखलात रुतलेला बैल हलावा तसा तो हलला. डबी गप्प झाली. तेजस्विनीला हसू फुटलं आणि इतरांचे चेहरे बघून तिने ते आवरलं. श्यामने पाठ फिरवून गाडीची काच पुसायला घेतली, ती कितीतरी वेळ पुसत होता. चौथा सेट गाडीवर चढला, तेजस्विनीच्या सीटच्या मागे.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची वर्दी आली. एका कपड्यांच्या दुकानाचं तळघर, आत दोन कामगार. या वेळी राखणदाराची गोष्ट नव्हती, आतून खरंच कुणीतरी दार वाजवत होतं. वैजनाथ पुढे, तेजस्विनी मागे. पायऱ्या उतरल्यावर दिसायचं बंद झालं. पाइपला एक हात, भिंतीला दुसरा. तळघर लांबलचक निघालं, आणि दार वाजायचं थांबलं होतं.

थोडं आत गेल्यावर मागे चिवचिव सुरू झाली.

तीच डबी. वैजनाथ थबकला. तेजस्विनी दिसत नव्हती, तिचा श्वास ऐकू येत नव्हता, फक्त ती चिवचिव. आता वर काहीतरी मोडेल, आता किंचाळी येईल, असं त्याला वाटलं. त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"कंबर हलव, बागवान."

चिवचिव थांबली.

तो अंधारात थांबून ऐकत राहिला. पोटमाळा पडला नाही. मागून मुखवट्यातून आवाज आला, "हलले सर. ऐकत होते. डावीकडं कुणीतरी खोकतंय."

नाव चुकल्याचं तिने काढलं नाही. वैजनाथने डावीकडे कान लावला. खोकला त्याला आधी ऐकू येईना. त्याला ऐकू येत होतं ते बागवानचं उभं राहणं, धुरात शिरून आधी थांबणारं, सावकाश. तो तसाच उभा राहिला, स्वतःचा श्वास रोखून. आणि मग आला खोकला, बारीक, भिंतीच्या पलीकडून. तो कुठून येतोय याचा नीट अंदाज घेता घेता त्याला भान राहिलं नाही, आणि त्याच्याच खांद्यावरची डबी चिवचिवू लागली.

"सर," तेजस्विनी मागून म्हणाली, "कंबर."

वैजनाथ हलला, आणि खोकल्याच्या दिशेने रांगत निघाला.